तांबड्या चिंधीची दोरी

महाडात घर बांधायचं म्हटलं की पायाचा पहिला दगड बसायच्या आधी दत्ताराम साळव्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. नगरपालिकेच्या हद्दीत नकाशाशिवाय परवानगी नाही, आणि नकाशा काढायचा परवाना असलेली माणसं गावात दोनच. त्यांतला एक दम्याने बेजार झालेला म्हातारा. तो पावसाळा अंथरुणात काढी आणि उन्हाळा लेकीकडे. उरला दत्ताराम. दुसरं कोणी नव्हतं, एवढीच त्याची लायकी. पण तेवढ्यावर त्याने पंधरा वर्षं अशी मिजास केली की बघणाऱ्याला वाटावं, रायगडाचे बुरूज यानेच कागदावर उतरवले असतील.

दारावर पाटी होती, ‘द. गो. साळवी, इंजिनियर’. इंजिनियर वगैरे तो कधीच नव्हता. मुंबईत एका कंत्राटदाराच्या कचेरीत तीन वर्षं तो दुसऱ्याच्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरून रेघा गिरवत होता. ती नोकरी याने सोडली की नोकरीने याला सोडलं, हे तो स्वतःच वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं सांगे. पन्नास-एक्कावन्न साली तो परत आला तो एक टी-स्क्वेअर, एक पितळी कंपासपेटी आणि बोलण्यात दर चार शब्दांमागे एक ‘यू सी’ घेऊन. खटपट करून परवाना मिळवला, चांगू शेटच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि पुढच्या खोलीत एक उंच स्टूल ठेवून त्यावर चढून बसला. त्या स्टुलावरून तो खऱ्या अर्थाने कधी खाली उतरलाच नाही.

जागा बघायला तो जात नसे. उन्हात उभं राहून फीत धरणं हे मजुराचं काम, असं त्याचं मत होतं. त्याच्याजवळ ट्रेसिंगच्या कापडावर काढलेलं एक घर होतं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि एका बाजूला नियमाप्रमाणे पाच फूट मोकळी जागा. मुंबईच्या कंत्राटदाराकडून त्याने आणलेलं हे एकुलतं एक घर. कोणीही आला की फेरोच्या, म्हणजे नकाशा छापायच्या कागदावर ते कापड ठेवायचं, काचेच्या चौकटीत दाबून अंगणात उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचं घर तयार. खाली नाव तेवढं बदलायचं. गिऱ्हाईक वजनदार असलं तर कापड उलटं ठेवायचं, म्हणजे उजवीकडचं स्वयंपाकघर डावीकडे जाई आणि घर नवं वाटे. नगरपालिकेच्या कचेरीत अशी दीडदोनशे घरं जमा झाली होती, सगळी एकाच आईची लेकरं. जमिनीवर मात्र गवंडी-सुतार आपापल्या अकलेने बांधत, म्हणून गाव राहण्याजोगं राहिलं.

येणारे लोक बहुतेक पोलादपूरकडच्या खोऱ्यांतले शेतकरी. मुलांच्या हायस्कुलासाठी, दुकानासाठी महाडात तुकडाभर जागा घेतलेले. त्यांची मोजायची एक जुनी रीत होती. सुंभाची दोरी घ्यायची, घरधन्याच्या हाताने मोजायची, आणि जिथे जिथे खांब येणार तिथे तिथे गाठ मारायची. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे एक खण. विहीर, झाड, वाट असलं काही असेल तर त्या ठिकाणी दोरीला चिंधी बांधायची. अशी एक दोरी हातात घेतली की सुताराला जागा न सांगता कळे. ती गुंडाळून काखेत घेऊन माणसं घाबरत घाबरत दत्तारामच्या स्टुलापुढे उभी राहत.

“हे काय?” दत्ताराम विचारी.

“जागंचं माप हाय, भाऊसाहेब.”

“हाताने मोजलंस ना? कोणाच्या हाताने? तुझ्या की तुझ्या बायकोच्या?” असं म्हणून तो आधी स्वतःच हसे. मग चेहरा गंभीर करून ठरलेलं वाक्य टाकी, “यू सी, दोरीला कायद्यात किंमत नाही.” आणि दोरी स्टुलाखालच्या टोपलीत फेके.

टोपली भरली की त्याची बायको आनंदीबाई त्या दोऱ्या मागे घेऊन जाई. सुंभ चांगलं वळलेलं असे. कशाची शिंकी होत, कशाने सरपणाची मोळी बांधली जाई, लांब असेल ती कपडे वाळत घालायला उपयोगी पडे. दत्तारामच्या सगळ्या कामातून कोणाच्या तरी उपयोगी पडलेली वस्तू ही एवढीच.

आनंदीबाईचं या दोन खोल्यांत काय झालं ते दत्तारामला कधी दिसलं नाही, कारण तो पुढच्या खोलीत दुसऱ्यांची घरं काढत होता. श्रावणात सावित्री नदी फुगली की मागच्या दाराने पाणी आत येई. बाई पिठाचे डबे माळ्यावर चढवी, चूल उचलून पाटावर ठेवी, आणि धुराने डोळे चोळत भाकऱ्या थापी. स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं. चुलीपाशी बसल्यावर सकाळचं ऊन अंगावर येईल अशी पूर्वेला एक खिडकी, आणि पुराच्या वर हातभर उंच जोतं. एवढं तिने लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सांगितलं होतं. “बघू,” असं दत्ताराम म्हणाला होता.

बासष्ट साली ते बघायचा योग आला. तळ्याच्या पलीकडे, चढावर, पुराचं पाणी कधी पोचत नाही अशा ठिकाणी एक तुकडा विकाऊ होता. रस्त्यापासून आत, पुढच्या घराच्या मागे, म्हणून स्वस्त. दत्ताराम जन्मात पहिल्यांदा एखादी जागा बघायला गेला. पुढच्या घराच्या कडेने पाच फुटांची पायवाट होती, तिच्यावरून चालत तो मागे पोचला. बरोबर आनंदीबाई होती. पूर्वेच्या कोपऱ्यात रामफळाचं एक झाड होतं. ती त्या झाडाशी उभी राहिली, उन्हाकडे तोंड केलं आणि म्हणाली, “चूल इथं.” गळ्यातली एकदाणी आणि पाटल्या तिने त्याच आठवड्यात काढून दिल्या.

जागा नावावर झाली. मग दत्तारामने स्वतःच्या घराचा नकाशा केला, म्हणजे तेच कापड घेतलं, मालक म्हणून उलटं ठेवलं, आणि उन्हात धरलं. स्वयंपाकघर पश्चिमेला आलं. खिडकी पुढच्या घराच्या भिंतीकडे.

“अहो, मी रामफळापाशी म्हटलं होतं,” आनंदीबाई निळ्या कागदाकडे बघत म्हणाली. इतकी वर्षं फेरो धुऊन धुऊन तिला नकाशा वाचता येत होता.

“हा नकाशा दोनशे लोकांना चालला. तुलाच चालत नाही?”

गवंड्याला आपण हळूच सांगू, असं तिने मनात ठरवलं होतं. सगळं गाव तेच करत होतं.

अर्ज कचेरीत गेला आणि आठवड्याने मोरू कारकुनाने दत्तारामला बोलावून घेतलं. हा मोरू म्हणजे शांत, हळू बोलणारा माणूस. दत्तारामने त्याला अकरा वर्षांत एकदाही बस म्हटलं नव्हतं. त्याने आज दत्तारामला खुर्ची दिली, हेच वाईट चिन्ह होतं.

“साळवी, तुमच्या जागेला वाट दिसत नाही.”

“वाट आहे. मी चालून आलोय तिच्यावरून.”

“पायाखाली असेल. कागदावर नाही.” मोरूने फडताळातून दप्तराचा एक जुना गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि एक निळा कागद उलगडला. “ही तुमच्या पुढची जागा. कोंडाजीचं घर. छप्पन्न सालचा मंजूर नकाशा. दक्षिणेला जी पाच फूट पट्टी आहे ती कोंडाजीची मोकळी जागा म्हणून दाखवली आहे. याच नकाशावरून पुढे सगळीकडे तशी नोंद झाली. मग तुमच्या घरी तुम्ही जाणार कुठून?”

“कोणत्या गाढवाने काढलाय हा?” दत्ताराम ओरडला.

मोरूने कागद फिरवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. द. गो. साळवी. लफ्फेदार सही, खाली दोन रेघा.

त्याला काही आठवेना, आणि आठवणार तरी कसं? ज्याने कधी बघितलंच नाही त्याला आठवायला काय असतं? कोंडाजी नावाचा कोणी शेतकरी आला असेल, त्याने दोरी दिली असेल, याने टोपलीत टाकली असेल. कापडावरच्या घराला दक्षिणेला पाच फूट मोकळी जागा लागत होती आणि कोंडाजीच्या दक्षिणेला वाट होती. तेव्हा वाट गेली. मागच्या जागेचा मालक तेव्हा परगावी, हरकत घ्यायला कोणी आलं नाही. आणि गंमत अशी की कोंडाजीची उत्तरेची बाजू चांगली आठ फूट रिकामी होती. कापड उलटं ठेवलं असतं तरी भागलं असतं. आळससुद्धा या माणसाला धड करता आला नाही.

“यावर उपाय?” त्याने विचारलं. आवाज थोडा उतरला होता.

“सोपा आहे,” मोरू म्हणाला. “कोंडाजी लिहून देईल की वाट त्याची नाही. त्याची मोकळी जागा उत्तरेला दाखवू, ती आहेच. फक्त जुना नकाशा चुकला कसा, ते काढणाऱ्याने लिहायचं. एक ओळ. ‘सदर नकाशा मी जागा न पाहता केला होता.’ खाली सही. बाकीचं मी बघतो, दिवाळीपर्यंत परवानगी हातात.”

“आणि माझा परवाना?”

“फार तर ताकीद देतील.”

एक ओळ! दुसरा कोणी असता तर टाक उचलून तिथल्या तिथे लिहून मोकळा झाला असता. दत्ताराम उठला, ‘बघतो’ म्हणाला आणि बाहेर पडला. ताकीद मिळाली तर मिळाली, पण गावाला कळेल. ज्यांच्या दोऱ्यांना आपण हसलो ते लोक बाजारात आपल्याकडे बघून हसतील. त्याच्या डोळ्यांपुढे हेच नाचत होतं. बायको आणि रामफळ त्यात कुठेच नव्हती.

मग त्याला एक युक्ती सुचली आणि ती त्याच्या स्वभावाला शोभेल अशीच होती. कोंडाजीनेच खोटं माप दिलं, असं कोंडाजीकडून लिहून घ्यायचं. म्हणजे चूक शेतकऱ्याची आणि वाट साळव्याची. त्याने निरोप धाडला, “मी बोलावलंय म्हणून सांगा.” स्वतः चढ चढून जाणं त्याला याही वेळी जमलं नाही.

कोंडाजी आला. पन्नाशीतला, काटक, डोक्याला मुंडासं. पोलादपूरजवळच्या वाडीत शेती आणि महाडात दोन म्हशी, दोन्ही ठिकाणी त्याचा पाय असे. पुढच्या खोलीत स्टुलावर दत्ताराम, खाली जमिनीवर कोंडाजी. दत्तारामने आधीच लिहून ठेवलेला कागद वाचून दाखवला.

कोंडाजीने शेवटपर्यंत ऐकलं. “म्हंजी माप मी खोटं दिलं, असं लिवलंय?”

“नुसतं लिहायचं. यू सी, तुला काही होत नाही.”

“वाट मी कदी अडवली नाय, भाऊसाहेब. सा वर्सं झाली, त्या वाटंवर म्या येक खुटा मारला नाय. उद्या तुमी घर बांधा, रोज चाला तितनं. वाट माजी नाय असं लिवून मागा, आत्ता सही करतो. पर मी खोटं बोललो, ह्ये नाय लिवनार.”

“मग चूक कोणाची?”

“मी दोरी दिलती तुमाला. अकरा गाठींची. श्येवटच्या गाठीला तांबडी चिंधी बांदलेली. आनि सांगितलंवतं, ह्याच्या म्होरं वाट हाय, ती सोडा. तुमी काय म्हनलात ठावं हाय? म्हनलात, नकाशात नाय तर वाट नाय.”

“दोरी!” दत्तारामने हात उडवला. “कुठली दोरी? आहे पुरावा? दाखव दोरी!”

कोंडाजीला तहान लागली होती. त्याने आतल्या दाराकडे बघून पाणी मागितलं. आनंदीबाई तांब्या घेऊन दारात आली. तिच्यामागे अंगणात धुणं वाळत होतं. दत्तारामचीच दोन धोतरं, एक कोट, तिची लुगडी. कोंडाजी तांब्या घ्यायला उठला आणि तिथेच थांबला. मग वाकून, धोतराखालून, तो अंगणात गेला. दोरीला हात लावला. एक एक कपडा बाजूला सारत, गाठी चाचपत तो पुढे पुढे चालत गेला.

“धा... अकरा,” तो म्हणाला. “वयनी, ही माजी दोरी हाय.”

अकराव्या गाठीला एक चिंधी लोंबत होती. सहा वर्षांच्या उन्हापावसाने तिचा रंग गेला होता, पण गाठीच्या आतल्या बाजूला, ऊन पोचत नाही तिथे, ती अजून तांबडी होती. सहा वर्षं त्या चिंधीशेजारी आनंदीबाईने नवऱ्याचा कोट वाळत घातला होता.

ती दोरीकडे बघत राहिली. मग स्टुलाकडे गेली. नवऱ्याशी ती चढ्या आवाजात कधी बोलली नव्हती, आताही बोलली नाही. “सगळं कळलं मला. कचेरीतून आलात तेव्हा तुम्हीच चिडून बोललात, ती एक ओळ लिहायची आहे ना? लिहा.”

“तुला यातलं काय समजतं?”

“घर समजतं,” ती म्हणाली. “अकरा वर्षं पाण्यात चूल उचलतेय. पाटल्या दिल्या, एकदाणी दिली. तुमच्याकडे मी दुसरं काही मागितलं नाही. एक ओळ मागतेय.”

कोंडाजीने मान खाली घातली. दुसऱ्याच्या घरातलं असं ऐकायची त्यालाच लाज वाटली. दत्तारामला नाही वाटली. त्याने कंपासपेटी उघडली, बंद केली, टी-स्क्वेअर पुसला, आणि भिंतीकडे बघून म्हणाला, “दोरीला कायद्यात किंमत नाही.”

त्याने ती ओळ लिहिली नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला, पुढच्या श्रावणात नदीने दार ठोठावलं आणि आनंदीबाईने चूल पाटावर घेतली. आपली जागा पडीक का, असं कोणी विचारलं तर दत्ताराम सांगे, “कचेरीतली माणसं अडाणी आहेत, यू सी. त्यांना नकाशा वाचता येत नाही.” मोरूने ती हकिगत कधी कोणाला सांगितली नाही. कोंडाजीनेही नाही. ज्या हशाच्या भीतीने या माणसाने बायकोचं घर बुडवलं, तो हशा करायला कोणी बसलंच नव्हतं. गावाला त्याची तेवढीही पर्वा नव्हती.

चौसष्ट साली त्याने ती जागा विकायला काढली. वाट नसलेली जागा घेणार कोण? ज्याला वाट लागत नाही तोच. कोंडाजीने ती घेतली, आणि पडत्या भावात नाही, योग्य भावाने घेतली. आनंदीबाईच्या पाटल्या मात्र पुन्हा झाल्या नाहीत. त्या पैशातून एक नवं ड्रॉइंग टेबल आलं आणि पाटीला नवा रंग लागला. फूट जाऊन आता मीटर आले होते. दत्तारामने कापडावरचे आकडे खोडून नवे लिहिले. घर तेच.

महिन्याभराने कोंडाजी पुन्हा स्टुलापुढे उभा राहिला. मागच्या जागेत म्हशींसाठी गोठा घालायचा होता, आणि गोठ्यालाही नकाशा लागतो. दम्याचा म्हातारा तोवर वारला होता, त्यामुळे जायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. काखेत नवीकोरी सुंभाची दोरी होती.

“आठ गाठी हाईत,” तो म्हणाला. “पैली गाठ माज्या भिंतीपाशी. सातवी गाठ रामफळापाशी येती. झाड तोडायचं नाय म्हून तितं चिंधी बांदली हाय.”

“ठेव तिकडे.”

आनंदीबाई दारात उभी होती. “या खेपेला तरी जाऊन बघून या,” ती म्हणाली.

“बघायचं काय त्यात? पाहिलेली जागा आहे,” दत्ताराम म्हणाला आणि फेरोचा कागद चौकटीत लावायला लागला.

कोंडाजी गेल्यावर तिने टोपलीतून दोरी उचलली. गाठी मोजत मोजत ती सातवीपर्यंत आली, तिथली चिंधी मुठीत धरली आणि तशीच उभी राहिली. म्हशींना सकाळचं ऊन चांगलं मिळणार होतं.

दत्तारामने मान वर न करता म्हटलं, “लांब दिसतेय ती. धुण्याला बांध. जुनी कुजली आहे.”